नोंदीबाहेर

नेहरू पार्कच्या चौकात, बंद रसवंतीच्या टपरीला लागून, रश्मी तायडे नेहमीच्या जागी उभी होती आणि ओमप्रकाश राठींची पांढरी गाडी तिच्या समोरून निघून गेली. गाडी वेगात असती तर गोष्ट वेगळी होती. पण तिथं गतिरोधक होता, गाडी हळू झाली, रश्मीनं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मागचं दार उघडायला हात पुढं केला, आणि त्या हाताच्या समोरून दार सरकत गेलं. ओमप्रकाश समोर पाहत होते, इतकं सरळ की जणू रस्त्यावर काही पडलं आहे. मागं बसलेल्या रागिणी मॅडमची मान मोबाइलवर वाकलेली होती. पुढची सीट रिकामी होती. रश्मीचा हात तसाच राहिला. मग तिनं त्या हातानं साडीचा पदर सारखा केला, कारण रस्त्यात उभं राहून पुढं केलेल्या हाताचं काहीतरी करावंच लागतं. पलीकडे वर्तमानपत्रवाला तिच्याकडे पाहत होता. तो रोजच पाहत असे, पण आज त्याला कळलं असं तिला वाटलं. काल संध्याकाळी तिनं स्वतः ओमप्रकाशना फोन केला होता. "उद्यापासून येऊ ना सर?" आणि ते म्हणाले होते, "या ना मॅडम, त्यात काय विचारायचं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मग रात्रीतून त्यांना कोणी काय सांगितलं, की कोणी काहीच सांगितलं नाही आणि सकाळी चौक जवळ आल्यावर पायानंच ब्रेक दाबायचा नाकारला, हे तिला कधी कळणार नव्हतं. ती बस स्टँडकडे चालू लागली.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात ती अर्थशास्त्र शिकवत होती आणि अकोल्याहून अप-डाउन करत होती. गाडीत त्याच महाविद्यालयातले चौघं असत. ओमप्रकाश चालवत, त्यांच्या शेजारी भूगोलाचे विभागप्रमुख डॉ. श्याम गावंडे, मागं रागिणी आणि ती. इतकी वर्षं एकाच गाडीत बसलं की माणसांची पाठ ओळखीची होते. गावंडेसरांच्या मानेवरचा तीळ, कॉलरच्या आतली घामाची रेघ, झोप लागली की एका बाजूला कलणारं डोकं हे सगळं तिला पाठ होतं. संत्र्यांच्या दिवसांत मूर्तिजापूर गेलं की सर संत्रं सोलायला घेत. साल रुमालात, फोडी तळहातावर. मग मागं न पाहता हात दोन सीटच्या फटीतून मागं येई. आधी रागिणीकडे, मग रश्मीकडे. "घ्या, गोड आहे." बोलणं चालूच असे, पावसाचं, विद्यापीठाचं, नव्या रस्त्याचं, आणि तो हात मधेच तिथं थांबलेला असे, कुणीतरी फोड उचलेपर्यंत. रश्मी उचलायची. बोटांना बोटं लागायची नाहीत. सर तेवढं जपत. आता एसटीच्या खिडकीशी बसून बोरगाव मंजू मागं जाताना तिला वाटलं, खरंच जपत होते का, की मीच अशी होते की जिच्याशी जपावं लागतं? या विचाराची तिला शिसारी आली. पण विचार तिथंच राहिला, शेजारी जागा धरून बसलेल्या उतारूसारखा.

शनिवारी अंतर्गत तक्रार समितीचा अहवाल गेला होता. समितीची अध्यक्ष ती होती. तक्रार प्राजक्ताची. तिवस्याची मुलगी, गावंडेसरांकडे पीएचडी करत होती. तक्रार आली त्या दिवशीच रश्मी प्राचार्यांकडे गेली होती. "सर, हे मला देऊ नका. आमचा रोजचा एकत्र प्रवास आहे. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत." प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, त्यांनाच विचारलं मी. ते म्हणाले, तायडे मॅडम असतील तर माझी काही हरकत नाही. आणि ती मुलगीही तुमचंच नाव घेते. दोन्ही बाजूंना तुम्हीच पाहिजे, असं माणूस मी दुसरीकडून कुठून आणू?" बाहेर आल्यावर तिला बरं वाटलं होतं, हे ती आता स्वतःशी कबूल करत होती. दोघांनाही आपण पाहिजे आहोत. तिचा नवरा अनुप गेल्यापासून कुणाला ती अशी पाहिजे नव्हती. चौकशी चालू असेपर्यंत तिनं गाडी सोडली, पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत जाऊ लागली. गाडी सोडताना गावंडेसर म्हणाले होते, "बरोबर आहे मॅडम, नियम म्हणजे नियम. चार दिवसांचा तर प्रश्न आहे." त्यांना काही वाटलंच नव्हतं. रश्मी आपली आहे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आणि धरून का ठेवू नये? करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनुपला ऑक्सिजन लागला तेव्हा अकोल्यात सिलिंडर मिळत नव्हतं. रश्मीचा भाऊ बाळापूरला स्वतःच आजारी पडला होता. सासरचे फोन घेत नव्हते. गावंडेसरांनी कुठून कुठून माणसं गाठली, स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर सिलिंडर आडवं टाकून आणलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर ती बसली होती तिथं येऊन म्हणाले, "मॅडम, मी आहे ना." मास्कच्या वरचे त्यांचे डोळे लाल झालेले होते. अनुप वाचला नाही. स्मशानात चार लोक नव्हते, तेव्हा सर होते. पुढं कितीतरी दिवस, घरात भांडं पडलं तरी दचकणारी रश्मी स्वतःला सांगायची, मी आहे ना असं म्हणणारं एक माणूस या शहरात आहे. त्या वाक्याला टेकून ती उभी राहिली होती. मूल नव्हतं. सासर उरलं नव्हतं. एक वाक्य होतं.

समितीच्या खोलीत प्राजक्ता टेबलाच्या त्या बाजूला बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. बाहेरून आलेल्या वकीलबाई प्रश्न विचारत होत्या, रश्मी ऐकत होती. "सर म्हणायचे दार लावून घे, बाहेर गोंधळ आहे. मी लावायची. मंग ते माझ्या खुर्चीमागं येऊन चॅप्टर वाचायचे. हात पाठीवर. पहिल्यांदा वाटलं, बापासारखे आहेत. मंग हात तसाच राहायचा. मी हलली की म्हणायचे, घाबरतेस काहून? मी आहे ना." रश्मीनं वर पाहिलं. प्राजक्ता पुढं सांगत होती, तो हात पुढं कुठं कुठं गेला ते, सुट्टीच्या दिवशी नकाशे बघायला म्हणून बोलावलं ते, नाही म्हटल्यावर तिचा प्रबंध सहीवाचून कसा पडून राहिला ते. "आईले सांगितलं. आई म्हने, आधी पीएचडी होऊ दे, मंग सांग." वकीलबाईंनी विचारलं, "ते वाक्य ते नेहमी म्हणायचे?" "कोनतं? मी आहे ना? हो. दरवेळी." रश्मीला तहान लागली. समोर पाण्याचा पेला होता, पण तिनं तो उचलला नाही. चौकशीत बाकी खूप काही निघालं, मेसेज निघाले, आधीच्या एका मुलीचा विषय निघाला. सरांनी आधी नाकारलं, मग म्हणाले, वडीलधाऱ्या मायेचा अर्थ आजकालच्या मुली भलताच लावतात. निष्कर्षाबद्दल समितीत दुमत झालं नाही. त्या दिवसापासून रश्मीला छळणारी गोष्ट मात्र निराळीच होती. सर तिच्याशी खोटं वागले असते तर सोपं होतं. पण ते सिलिंडर खरं होतं. ते लाल डोळे खरे होते. तेच तोंड, तेच वाक्य, आणि दोन्ही खरं. मग आपण ज्याला टेकून उभ्या राहिलो ते काय होतं, हे तिला कुणाला विचारावं ते कळत नव्हतं.

बडनेरा आलं, मग अमरावती. स्टाफरूममध्ये ती शिरली तेव्हा बोलणं थांबलं नाही, फक्त विषय बदलला. तिच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणाचं तरी हेल्मेट आणि पिशवी होती. तिनं ती उचलायला सांगितली नाही, खिडकीपाशी गेली. चहा आला. चहावाल्यानं सगळ्यांना दिला, तिलाही दिला, तेवढ्यानंच तिला भरून आलं आणि स्वतःचा राग आला. मागं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "यांना संधीच पाहिजे असते." यांना म्हणजे कुणाला, हे तिला समजावून सांगावं लागणार नव्हतं. बायकांना, असाही अर्थ निघाला असता. पण तो नव्हता, हे तायडे आडनाव लावणाऱ्या माणसाला पाठ फिरवून उभं असतानाही कळतं. बाळापूरला पोस्टमन असलेले तिचे वडील बुधाजी तिला कॉलेजला पाठवताना म्हणाले होते, "बाई, लोकायनं वाळीत टाकलं तं घाबरू नको. आपल्याले सवय हाय." आणि हसले होते. तिला वाटलं होतं, आपल्याला ही सवय लावून घ्यावी लागणार नाही. एवढं शिकलो, एवढ्या लोकांत बसलो, एकाच संत्र्याच्या फोडी खाल्ल्या.

रागिणी तिला जिन्यात भेटली. भेटली म्हणजे रागिणीला दुसरा रस्ता नव्हता.

"मॅडम, सकाळचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "राठीसरांच्या लक्षातच आलं नाही."

"तुमच्या आलं होतं ना?"

रागिणीनं पुस्तकं छातीशी घट्ट धरली. "मी काय म्हणते, तुम्ही बरोबरच केलं असेल. मी कुठं नाही म्हणते? पण सरांनी तुमच्यासाठी काय काय केलंय ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. थोडं सौम्य लिहिता आलं असतं. ताकीद वगैरे. माणूस एकदम निलंबित. घरी बायको आहे, समाज आहे."

"त्या मुलीलाही घर आहे, रागिणी."

"तिचं काय, लग्न होईल तिचं. ती जाईल." आणि मग, खरंच आपुलकीनं, तिच्या दंडाला हात लावून, "तुम्हाला इथंच राहायचंय ना मॅडम."

ते खरं होतं. रश्मी जिन्याच्या कठड्याला धरून थांबली. खालच्या मजल्यावर मुली भिंतीवर पोस्टर लावत होत्या. आठ मार्चची तयारी. जगभरातल्या स्त्रियांचे लढे, प्रत्येक देशाला एक पोस्टर. आइसलंडच्या पोस्टरवर जमलेल्या बायकांचा समुद्र काढलेला होता. एक दिवस सगळ्यांनी मिळून काम थांबवलं होतं, घरचं आणि दारचंही. दर वर्षी आपल्या भाषणात ती हा प्रसंग सांगायची. सगळ्यांनी मिळून, या शब्दांवर तिचा आवाज आपोआप चढायचा. आता तिला वाटलं, सगळ्या मिळून असतात तेव्हा बाईला काय वाटत असेल? खांद्याला खांदा लागून उभं राहिल्यावर भीती कुठं जात असेल? तिला त्याचा काही अनुभव नव्हता. दुपारी प्राचार्यांनी निरोप पाठवला की यंदा आठ मार्चला बाहेरच्या पाहुण्या बोलणार आहेत, तुम्हाला दरवर्षी त्रास कशाला. तिनं शिपायाला सांगितलं, बरं.

तो आठवडा असाच गेला. ती एसटीनं जायची, एसटीनं यायची. प्राजक्ता एकदा ग्रंथालयाच्या दारात दिसली. रश्मी थांबली, पण मुलगी खाली मान घालून बाजूनं निघून गेली. मग दोन पावलांवरून परत आली. "मॅडम, मले दुसरे गाइड कोणी घेऊन नाही राहिले. सगळे म्हनतात जागा नाही." रश्मी म्हणाली, "मी बोलते विद्यापीठात. लेखी देऊ आपण." प्राजक्तानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आभारही नव्हते, आजारातून उठलेल्या माणसासारखी ती नुसती दमलेली दिसत होती. आपण जिच्यासाठी एकट्या पडलो ती आपल्याला मिठी मारेल, असं रश्मीला कुठंतरी वाटत होतं की काय? असावं. नाहीतर ती गेल्यावर छातीत एवढी पोकळी कशाची झाली? संध्याकाळी बाळापूरहून आईचा फोन आला. दुर्गाबाईंना कमी ऐकू येई, त्या स्वतः मोठ्यानं बोलत. "आवाज असा काहून येऊन राहिला बाई तुया? सर्दी झाली का?" "हो आई, सर्दीच." "मंग वाफ घे." रश्मीनं खरोखरच पाणी तापवलं, पातेल्यावर टॉवेल घेऊन बसली. त्या गरम अंधारात रडायला हरकत नव्हती, पण रडू आलं नाही.

रविवारी दुपारी जेवायच्या वेळेला फाटक वाजलं. दारात चंदाताई उभ्या होत्या. गावंडेसरांच्या पत्नी. रश्मीनं त्यांना आजवर सरांच्या घरी दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या लग्नात, असंच पाहिलं होतं. भरल्या अंगाच्या, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. अनुप गेला तेव्हा त्यांनी डबे पाठवले होते, पण रश्मीच्या घराची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. आज केस नीट विंचरलेले होते, हातात फक्त एक पर्स. आता ही रडेल, पाया पडेल, किंवा शिव्या देईल. तिन्हीला काय करायचं हे रश्मीनं आठवडाभर मनात घोळवलं होतं, आणि आता त्यातलं काहीच आठवेना.

"या ना," ती म्हणाली.

चंदाताई आल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या. भिंतीवरच्या अनुपच्या फोटोकडे, त्याच्या वरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे त्यांनी पाहिलं. पाणी दिलं ते सगळं प्यायल्या. मग म्हणाल्या, "मी भांडाले नाही आली."

"मला माहीत आहे," रश्मी म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

"घरी कोणी मले काई सांगून नाही राहिलं. हे म्हनतात, राजकारन हाय. राठीसर म्हनतात, गैरसमज हाय. दीर म्हनतात, तुमच्या जातीचं..." त्या थांबल्या. "ते सोडा. त्या पोरीनं काय सांगितलं? तुमी आइकलं ना समदं. मले सांगा."

"चंदाताई, मला सांगता येत नाही. कायद्यानं बंधन आहे. चौकशीतलं बाहेर बोलायचं नसतं."

"माह्या बी समोर नाई?"

"कुणाच्याच नाही."

चंदाताईंनी पर्सची चेन उघडली, बंद केली. बाहेर भंगारवाल्याची हाक लांबून आली आणि लांब गेली. रश्मीला वाटलं आता त्या उठतील. ती मनातून तेवढ्याचीच वाट पाहत होती.

"मंग मी एकच इचारते," चंदाताई म्हणाल्या. "तुमी सांगू नका. ते दार लावाले सांगत होते का?"

रश्मीनं काही उत्तर दिलं नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण चेहऱ्याला नियम लावता येत नाही. चंदाताई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. एकटक, घाई न करता, आणि मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"मी बी त्यायचीच विद्यार्थिनी होती," त्या म्हणाल्या. "तुमाले माहीत नसंल. ते तवा अकोल्याले होते, नवीन लागले होते नोकरीवर. मी एमएच्या पह्यल्या वर्षाले. नांदगाव खंडेश्वरहून आली, मामाच्या घरी राहून शिकत होती. भूगोलात माहा पह्यला नंबर होता." हे सांगताना त्यांनी नकळत मान थोडी वर केली. रश्मीला आठवलं की या बाईच्या तोंडून भूगोल हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. सर गाडीत म्हणायचे, आमच्या मिसेसना नकाशा उलटा धरला तरी चालतो. मागं बसून त्यावर तीही हसली होती.

"लोक म्हनतात लव्ह मॅरेज," चंदाताई म्हणाल्या. "मी बी तेच सांगत आली. माहेरी, पोराले, सुनंले. कसं हाय, काईतरी नाव तं द्याव लागते. बाहेर बोभाटा झाला, बाबा आले, दोन्ही घरचे बसले अन् लगन लावून देलं. मले कोनी इचारलं नाही. मी बी मले इचारलं नाही. आता ह्या पोरीनं तक्रार केली तवापासून मी सैपाक करतानी इचार करून राहिली, की तिचं अन् माहं सारखं हाय का. सारखं असंल तं मंग मी इतके वर्सं कोनासंग राहिली?" त्यांचा आवाज चढला नाही. भाजीत मीठ पडलं का विचारावं तसा तो होता. "मले रडू बी येऊन नाही राहिलं. तुमचं ते लिहून घेता तुमी, तसं माहं लिहून घ्या."

रश्मीच्या मनात कायदा उभा राहिला. मुदत, अधिकारक्षेत्र, तक्रारदार कोण, कुणाविरुद्ध. कुठल्याही समितीत, कुठल्याही रजिस्टरात या बाईला बसवायला जागा नव्हती. जुनं झालं होतं, लग्न झालं होतं, मूल झालं होतं. जगभर ज्याच्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या, ज्याच्यावर ती दर वर्षी बोलायची, त्यातलं काही या सोफ्याच्या कडेपर्यंत पोचत नव्हतं. ती म्हणाली, "ताई, लिहून घेता येत नाही. खोटं कशाला सांगू? त्याला आता कुठं नोंद नाही." चंदाताईंनी मान डोलावली, जणू हेही त्यांना ठाऊक होतं. रश्मी आत गेली, गॅसवरचा कुकर उतरवला, मोबाइल बंद केला आणि परत येऊन समोरच्या खुर्चीत न बसता त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली. "पण मी ऐकते," ती म्हणाली. "जेवढं सांगायचं असेल तेवढं सांगा."

चंदाताई सांगू लागल्या. आधी तुटक, नंतर सलग. विभागाची खोली, टांगलेले नकाशे, खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड. एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही कुणापुढं उच्चारलं नव्हतं, त्यामुळे काही गोष्टींना त्यांच्याजवळ शब्दच नव्हते. तिथं त्या थांबत, हातानं हवेत काहीतरी दाखवत. रश्मी मधे बोलत नव्हती. ऐकताना तिला जाणवलं की प्राजक्ताचं ऐकताना ती न्यायाधीश होती, पाठ ताठ, पेला न उचलता. आता तिला पाठ टेकता येत होती. चंदाताई एकदा म्हणाल्या, "पन चांगले बी वागले हो माह्यासंग. माह्या मायच्या दुखन्यात रात रात बसले. ते बी खरंच हाय." आणि रश्मीच्या तोंडून निघून गेलं, "हो. ते पण खरं असतं." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आठवडाभर, नव्हे अनुप गेल्यापासून, तिच्याशी तिच्या आतल्या भाषेत कुणी बोललं नव्हतं. त्या माणसाच्या चांगुलपणाचं काय करायचं, हा प्रश्न जगात दोनच बायकांना पडला होता आणि त्या दोघी या खोलीत होत्या.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा चंदाताई थांबल्या. "भूक लागली," त्या म्हणाल्या, स्वतःलाच नवल वाटल्यासारख्या. रश्मीनं भाकरी टाकल्या, वरण गरम केलं, कांदा फोडला. दोघी स्वयंपाकघरातच खाली बसून जेवल्या. चंदाताईंनी दोनदा वरण मागून घेतलं. जेवताना त्या फक्त एवढंच बोलल्या की तूरडाळ शिजायला हळद आधी टाकावी. मग हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आरशात पाहून केस सारखे केले आणि निघाल्या.

फाटकाबाहेर रिक्षा थांबवली तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं. गावंड्यांचं घर गोरक्षण रोडला, इथून उजवीकडे. चंदाताई आत बसल्या, पर्स मांडीवर घेतली. रिक्षावाल्यानं पुन्हा मागं वळून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बस स्टँड." रश्मीकडे त्यांनी पाहिलं नाही. रिक्षा डावीकडे वळली, कोपऱ्यावर एका बैलगाडीमागं अडकली आणि दिसेनाशी झाली.

रश्मी फाटकाची कडी धरून उभी राहिली. स्टँडवरून नांदगाव खंडेश्वरला जायला अमरावतीच्या बाजूची गाडी धरावी लागेल. तिथं आता चंदाताईंचे आईवडील नव्हते, भाऊ होता. त्याच वडिलांचा मुलगा, ज्यांनी बैठकीत बसून लग्न ठरवून टाकलं होतं. तो दार उघडेल, चहा देईल, आणि सकाळी जावयाला फोन लावेल. किंवा लावणार नाही. किंवा चंदाताई स्टँडच्या बाकावर बसून पर्सची चेन उघडत-लावत राहतील आणि अंधार पडायच्या आत गोरक्षण रोडला परततील, सुनेला कुठं गेल्या होत्या ते खोटंच सांगतील. उद्या पुन्हा आपल्यालाही एसटीनं जायचं आहे. स्टाफरूम आहे. प्राजक्तासाठी विद्यापीठात जायचं आहे, तिथं लोक बसा म्हणणार नाहीत. यातलं काहीच बदललेलं नव्हतं. घरात पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. ती आत आली, मोबाइल सुरू केला आणि तो हातात धरून बराच वेळ बसली. कुणाला आपल्या घरी ये म्हणायचं म्हणजे काय, हे ती विसरून गेली होती. म्हटलं आणि चंदाताई आल्याच तर? शेजारच्या खोलीत अनुपचे कपडे अजून कपाटात होते, पलंगावर जुनी वर्तमानपत्रं होती. गावात बोभाटा होईल. म्हणतील, आधी नवऱ्याची नोकरी घेतली, आता बायको घेतली. तिनं नंबर लावला.

पलीकडे एसटीच्या घोषणा चालू होत्या. "हां," चंदाताई म्हणाल्या.

"ताई, मी बोलते, रश्मी. तिथं जमलं नाही तर इकडंच या. एक खोली आहे. कितीही उशीर झाला तरी या. दार वाजवा."

पलीकडे कंडक्टरची घंटी, कुणाचं तरी मूल, पुन्हा घोषणा. रश्मीनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"पाहू," चंदाताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, आवाज खाली घेऊन, "मले खाली झोपता येत नाही हो. कंबर धरते."

"पलंग आहे," रश्मी म्हणाली.

फोन ठेवून ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि पलंगावरची वर्तमानपत्रं खाली काढून ठेवू लागली.